टोळी निघण्याआधी

बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गाळप हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, मात्र पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यामुळे कोणती घरं जाणार हे गावाला आधीच ठाऊक असतं. मुलांची शाळा टिकवायची तर हेच दिवस हाताशी असतात. ट्रक भरायला लागल्यावर उशीर झालेला असतो.

पहिलं काम यादीचं. ऑगस्टमध्ये वस्तीवर घरोघर जायचं आणि विचारायचं: कोण जाणार, मुलं किती, त्यांना सांभाळायला मागे कोणी आहे का? मोठ्या मुलीबद्दल मुद्दाम विचारावं. धाकट्या भावंडाला फडात सांभाळायला तिलाच नेतात.

ही यादी शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवायची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पण कोयत्यावर जाणारे आईबाप सहा महिने गावात नसतात, म्हणून समितीतही नसतात. यावर वाट कायद्यातच आहे. त्यात ‘पालक’ म्हणजे फक्त आईबाप नव्हेत. मुलाचा सांभाळ करणारी आजीही त्यात येते. अशी एक आजी समितीत बसवणं हे मला सगळ्यांत मोलाचं काम वाटतं, कारण नातवंडं रात्री उपाशी झोपली तर ते तिलाच आधी कळतं.

समितीने ठराव करून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. दुपारी शाळेत पोषण आहार असतोच. सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय वसतिगृहाने करायची. बऱ्याच ठिकाणी मुलं झोपायला नातेवाइकांकडेच जातात. मंजुरी उशिरा आली तर चूल पेटेपर्यंत मूल फडावर पोचलेलं असतं. म्हणून ठरावाची पोचपावती घ्यायची आणि दर आठवड्याला पंचायत समितीत जाऊन विचारायचं.

जी मुलं जाणारच, त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायचं. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेने बसवून घ्यायला हवं. दाखला यायला वेळ लागला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांना शाळेत घालण्याची जबाबदारी याच कायद्याच्या कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. तिथल्या कार्यकर्त्यांनी मजुरांच्या कोप्यांवर जाऊन मुलं मोजली तरच हे घडतं.

प्रवेशाला नकार मिळाला तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्यावी. तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. पण तीन महिने म्हणजे अर्धा हंगाम! म्हणून त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांना फोनही करायचा.

एप्रिलमध्ये मुलं परतली की पटावरून नाव कमी झालेलं नाही ना आणि तिकडची हजेरी इथे नोंदली ना, हे तपासायचं.

शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंतचाच. त्यापुढच्या मुली एकतर कोयत्यावर जातात, नाहीतर त्यांचं लग्न लावून दिलं जातं. त्यांची नावंही ऑगस्टच्याच यादीत घ्यावीत आणि ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी असलेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेचे अर्ज आईबाप गावात असतानाच, त्यांच्या सहीने भरून घ्यावेत.