परसातला पाला : काढणी, वाळवण आणि साठवण



मार्गशीर्ष-पौषात आपल्या परसात पुदिना, मेथी, कढीपत्ता, गवती चहा एवढा माजतो की शेजारीपाजारी वाटूनही उरतो. शेवटी गुरांपुढे जातो. तोच पाला चैत्र-वैशाखात विहिरीने तळ गाठला की आठवडे बाजारातून विकत आणावा लागतो. थंडीची कोरडी हवा हे वाळवणाला फुकटचे यंत्र आहे. पावसाळ्यात हे काम करू नये, आणि कोकणपट्टीतल्या मंडळींनी तर दमट हवेमुळे जास्तच जपावे.

प्रथम काढणीची वेळ. सकाळी दव उडून गेल्यावर आणि ऊन तापायच्या आत पाला काढावा. दवाने ओला पाला वाळायच्या आधी काळा पडतो, दुपारी काढला तर पाने मलूल होतात आणि वास उतरतो. पानांवर धूळ असेल तर आदल्या दिवशी सकाळी झाडावरच पाणी शिंपडून धुवावी. मेथी मात्र मातीलगत असते, ती निवडून दोन पाण्यांतून काढून फडक्यावर निथळत ठेवावी.

पुदिना फुलावर येण्याच्या बेतात असताना कापावा. तेव्हा त्याला वास भरपूर असतो. जमिनीपासून दोन-तीन इंच बुंधा ठेवून विळ्याने कापला आणि लगेच पाणी दिले की तो पुन्हा फुटतो. उपटून काढू नये. आणखी एक गोष्ट. पुदिना आपण कच्चा वाटून खातो, म्हणून त्याला न्हाणीचे सांडपाणी सोडू नये. ते पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात सोडा, त्याला चालते.

गवती चहाची पहिली कापणी लागवडीनंतर चार ते पाच महिन्यांनी, पुढच्या साधारण अडीच-तीन महिन्यांच्या अंतराने. जमिनीपासून चार बोटे वर कापावा. पातीची धार हात कापते, तेव्हा हाताला फडके गुंडाळा. कढीपत्त्याची कोवळी, तांबूस पालवी घेऊ नये. जून, गर्द हिरवी पाने घ्यावीत. लहान रोप ओरबाडले तर ते खुरटते. फुलांचे तुरे खुडत गेल्यास पाला जास्त मिळतो. तुळशीचेही तसेच, मंजिऱ्या खुडल्या की पाने वाढतात. द्वादशीला आपल्याकडे तुळस तोडत नाहीत, तेव्हा काम आदल्या-नंतरच्या दिवशी धरा.

आता वाळवण. बहुतेकांचं चुकतं ते इथंच. पापड-कुरडयांसारखा पाला उन्हात टाकतात. उन्हात हिरवा रंग उडतो आणि सुवासाचे तेलही उडून जाते, हातात राहतो तो गवताचा भुगा. पाला सावलीत, वारा खेळेल अशा ओसरीवर वाळवावा. बाजेवर धुतलेले जुने धोतर अंथरून पाला एकाच थराने पसरावा म्हणजे खालूनही हवा लागते. चुलीजवळ नको, धुराचा वास लागतो. गोठ्याजवळही नको. दिवसातून दोनदा हलक्या हाताने परतावा आणि रात्री दव पडण्याआधी आत घ्यावा. कोरड्या हवेत चार ते आठ दिवस लागतात.

वाळला हे कसं ओळखायचं? पान चुरगळताच कुरकुरून चुरा झाला पाहिजे, देठ न वाकता कट्‌कन मोडला पाहिजे. मेथी-पुदिन्याच्या पानांत शंभरातले ८० ते ८५ भाग पाणीच असते. किलोभर निवडलेल्या पाल्याचा दीड-दोनशे ग्रॅम झाला तर घाबरू नका, तेवढाच व्हायचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गावात भगिनींना प्रात्यक्षिक म्हणून पुदिना वाळवून दिला होता. घाईत देठ नीट न मोडताच डबे भरले. महिन्याने गेलो तर एका आजींनी डबा उघडून माझ्या पुढ्यात ठेवला. आत पांढरी बुरशी! आजी म्हणाल्या, ‘‘साहेब, हे शिकायला कशाला यायचं?’’ तेव्हापासून मी एक परीक्षा केल्याशिवाय डबा भरू देत नाही. वाळलेला पाला काचेच्या कोरड्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावावे. दुसऱ्या दिवशी काचेला आतून दमटपणा किंवा थेंब दिसले तर पाला पुन्हा पसरावा. बुरशी आलेला पाला झटकून, उन्हात घालून वापरू नये. सरळ उकिरड्यावर टाकावा.

साठवण घट्ट झाकणाच्या बाटलीत किंवा चिनीमातीच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात करावी. पाने आख्खी ठेवावीत आणि लागेल तेव्हाच चुरावीत. बरणीवर महिना लिहून ठेवावा, वर्षाच्या आत माल संपवावा. कीटकनाशकाची बाटली किंवा डबा कितीही धुतला तरी यासाठी वापरायचा नाही.

कोथिंबीर वाळवू नका. वास राहत नाही. ती ताजीच ओल्या फडक्यात गुंडाळून दोन-चार दिवस काढावी, आणि काही वाफे धण्यासाठी राखावेत. निम्मे धणे हिरव्याचे पिवळसर झाले की झाडे कापून सावलीत वाळवावीत व झोडपावीत. उशीर केला तर धणे गळतात.

शेवटी फवारणीविषयी. कढीपत्त्यावर लिंबावरच्या फुलपाखराची अळी येते. ती हाताने वेचता येते, त्यासाठी औषध कशाला? पण शेजारच्या शेतात फवारणी झाली आणि वारा आपल्या परसाकडे असला, तर तो पाला काढू नये. कोणते औषध मारले ते विचारून घ्यावे, बाटलीच्या लेबलवर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते लिहिलेले असते, निदान तेवढे दिवस थांबावे. खात्री नसेल तर तो पाला कापून टाकून नव्या फुटीची वाट पाहावी. वाळवल्याने विष जात नाही. उलट पाणी उडून गेल्यावर तेवढ्याच वजनाच्या पाल्यात ते जास्त भरते.

बचत गटाच्या भगिनींना वाळवलेला पाला विकायचा असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे आधी नोंदणी करावी लागते. त्याबाबत काही विचारायचे असल्यास कार्यक्रमाच्या पत्त्यावर पत्र टाका.