आधी संशय, मग तपासणी

डिसेंबर 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा परिसरातल्या लोकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांतच टक्कल पडे. पहिला संशय बुरशीवर आणि पाण्यावर गेला. पाण्यात क्षार, नायट्रेट जास्त निघाले. पण खाऱ्या पाण्याच्या या खारपाणपट्ट्याला क्षार नवे नाहीत, त्यांनी एकाएकी गावेच्या गावे टकली होत नाहीत. पुढे रुग्णांचे रक्त सेलेनियमसाठी तपासले, तेव्हा ते कितीतरी वाढलेले आढळले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. सेलेनियम तपासण्यांच्या कोणत्याही ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये सहसा नसते. ते सापडले, कारण कोणीतरी नेमका तोच संशय घेतला.

रोजच्या व्यवहारात मात्र उलटे चालते. ताप आला की दुसऱ्या दिवशी टायफॉइडसाठीची विडाल तपासणी. टायफॉइडविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात दिसायला साधारण आठवडा लागतो. शिवाय जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही ती दिसू शकतात. पहिल्या आठवड्यात खरा उपयोग ब्लड कल्चरचा, तोही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्त घेतले तर. डेंग्यूतही पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 तपासणी, त्यानंतर आयजीएम. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी दर महिन्याला करणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

पॅकेजचा धोका वेगळाच. ‘नॉर्मल’ची मर्यादा बहुधा 95 टक्के निरोगी माणसे आत बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता 64 टक्के. मग त्या आकड्यामागे सोनोग्राफी, आणखी रक्त, शहरातल्या खेपा.

यात रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरचा ‘कट’ही असतो. 2013 मध्ये रुग्ण पाठवल्याबद्दल आलेला 1,200 रुपयांचा धनादेश घेऊन महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करणारे डॉक्टर हेच बावस्कर.

उलट, जी तपासणी खरोखर हवी ती राहून जाते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराची भीती घरोघरी आहे. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्याने वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासलेच पाहिजे. हा खर्च किरकोळ आहे. 2017 पासून ‘महालॅब’ योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत रक्ताचे नमुने मोफत तपासले जातात.

म्हणून तपासणीची चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरांना सरळ विचारा: संशय कशाचा आहे, रिपोर्टमुळे औषध बदलणार का, आणि हीच तपासणी सरकारी केंद्रात होते का? जुने रिपोर्ट फाइलमध्ये लावून सोबत न्या. आणि हे प्रश्न विचारायला संकोचू नका. पैसेही तुमचे, रक्तही तुमचेच.