इंग्लंडचे परगणे (लेखांक ७) : रटलंड

रटलंड हा इंग्लंडच्या ऐतिहासिक परगण्यांपैकी सर्वांत लहान परगणा. मध्य इंग्लंडमध्ये लेस्टरशायर, लिंकनशायर आणि नॉर्दॅम्प्टनशायर यांच्या बेचक्यात तो वसला आहे. क्षेत्रफळ जेमतेम ३८० चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ४१ हजार. ओकम आणि अपिंगम ही त्यातली दोनच बाजारपेठेची गावे.

शेजारच्या परगण्यांची नावे त्यांच्या मुख्य शहरांवरून पडली : लेस्टरवरून लेस्टरशायर, नॉर्दॅम्प्टनवरून नॉर्दॅम्प्टनशायर. रटलंडच्या नावात शहरही नाही आणि ‘शायर’ही नाही. १०८६ च्या ‘डोम्सडे बुक’ या जमीनमोजणीच्या दप्तरात हे नाव ‘रोटलंड’ असे येते. रोटा नावाच्या कुणा अँग्लो-सॅक्सन माणसाची जमीन, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. इथल्या लोहयुक्त तांबड्या मातीवरून ‘रेड लँड’चे रटलंड झाले, ही व्युत्पत्ती लोकांच्या तोंडी असली तरी भाषाशास्त्राला मान्य नाही.

एवढासा मुलूख स्वतंत्र राहिला, याचे मूळ त्याच्या मालकीत आहे. नॉर्मन आक्रमणापूर्वी हा प्रदेश इंग्लंडच्या राण्यांच्या चोळीबांगडीसाठी राखून ठेवलेला असे. एडवर्ड द कन्फेसर या राजाने तो राणी एडिथला दिला आणि तिच्या पश्चात तो वेस्टमिन्स्टरच्या मठाला मिळावा असे ठरवले. १०७५ मध्ये एडिथ वारली, तेव्हा विजेत्या विल्यमने जमीन मठाला न देता स्वतःकडे ठेवली. ‘एडिथ वेस्टन’ या गावाच्या नावात ती राणी आजही आहे. ‘डोम्सडे बुक’मध्ये रटलंडचा काही भाग करवसुलीपुरता नॉटिंगमशायरला जोडलेला दिसतो. बाराव्या शतकात मात्र त्याची नोंद वेगळा परगणा म्हणून होऊ लागली. राणीची जहागीर अशा रीतीने परगणा झाली.

त्या शतकाची खूण ओकमच्या गढीत पाहायला मिळते. वॉकेलिन द फेरर्स या सरदाराने ११८० ते ११९० च्या सुमारास बांधलेला इथला दिवाणखाना इंग्लंडमधल्या उत्तम टिकलेल्या नॉर्मन वास्तूंपैकी एक आहे. त्याच्या भिंतींवर दोनशेहून अधिक घोड्यांचे नाल टांगलेले आहेत. ओकममध्ये प्रथमच येणाऱ्या उमरावाने गढीच्या मालकाला एक नाल द्यायचा, हा जुना रिवाज. टिकून राहिलेल्यांपैकी सर्वांत जुना नाल चौथ्या एडवर्डने १४७० च्या सुमारास दिला, असे मानतात. बहुतेक नाल साध्या नालापेक्षा कितीतरी मोठे, नक्षीदार, काहींवर मुकुट. सगळ्यांची उघडी बाजू खाली. वर केली तर खोबणीत सैतान ठाण मांडतो, अशी स्थानिक समजूत. नाल हेच पुढे परगण्याचे चिन्ह झाले. ‘मुल्टुम इन पार्वो’, म्हणजे थोडक्यात पुष्कळ, हे त्याचे लॅटिन ब्रीद.

विसाव्या शतकात हेच लहानपण परगण्याच्या मुळावर आले. एवढ्या छोट्या परगण्याला स्वतंत्र कारभार झेपणार नाही, असे सरकारी धोरण ठरले. १९६० च्या दशकातला विलीनीकरणाचा प्रयत्न लोकांनी परतवला. १ एप्रिल १९७४ रोजी मात्र रटलंड लेस्टरशायरमधला एक जिल्हा होऊन बसले. त्याच सुमारास एम्पिंगम गावाजवळ धरण बांधून मोठा जलाशय तयार होत होता. नेदर हॅम्बल्टन हे खेडे त्याच्या पाण्याखाली गेले. आधी ‘एम्पिंगम जलाशय’ म्हटल्या जाणाऱ्या त्या पाण्याला पुढे ‘रटलंड वॉटर’ हे नाव मिळाले आणि कारभारातून पुसला गेलेला परगणा नकाशावर नावाने उरला.

रहिवाशांनी आपला हट्ट सोडला नाही. स्थानिक कारभाराच्या फेररचनेत १ एप्रिल १९९७ रोजी रटलंडला स्वतंत्र परिषद परत मिळाली. शाळा, रस्ते, समाजकल्याण ही कामे आता ओकममधूनच चालतात. पोलीस आणि अग्निशमन दल तेवढे लेस्टरशायरबरोबर सामाईक आहे.