दारूचे व्यसन : आजार एकाचा, उपचार साऱ्या घराचा



पिकावर रोग दिसला की आपण पान उलटून पाहतो, मूळ उकरून पाहतो आणि मगच फवारणीचा पंप खांद्यावर घेतो. घरातील कर्त्या माणसाला दारूचे व्यसन जडले, तर मात्र मुळाकडे कोणी पाहत नाही. शिव्या, शपथा, मारहाण, गंडेदोरे असे उपाय चालू राहतात. तोवर जमीन गहाण पडते, दावणीची जनावरे विकली जातात आणि मुलांची शाळा सुटते. हे टाळावयाचे असेल तर व्यसन हा आजार आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

व्यसन कशास म्हणावे?

अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने १९५६ साली दारूचे व्यसन हा आजार असल्याचे मान्य केले. भारतातही प्रश्न लहान नाही. दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी ५ कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे. पिणारा प्रत्येकजण व्यसनी नसतो. परंतु पुढील लक्षणे दिसू लागल्यास सावध व्हावे.

१. तेवढ्याच नशेसाठी दिवसेंदिवस अधिक दारू लागते.
२. सकाळी उठल्यावर हात थरथरतात व दारू घेतल्यावरच थांबतात.
३. 'एकच घेईन' असे ठरवूनही हात आवरत नाही.
४. नुकसान दिसत असूनही पिणे चालू राहते.

मुक्तांगणचा अनुभव

या आजारावर आपल्या राज्यात झालेले एक मोठे काम म्हणजे पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. पुण्यातील तरुणांमध्ये गर्दचे व्यसन पसरत असताना लेखक अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झाले. त्याची घडी बसविली ती मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. १९९७ साली त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या कन्या, मानसशास्त्रज्ञ मुक्ता पुणतांबेकर यांनी हे काम सांभाळले. सुरुवात गर्दपासून झाली तरी दारूचे रुग्णही तेथे मोठ्या संख्येने येत गेले.

मनोविकारतज्ज्ञ हा औषध देणारा डॉक्टर असतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो रुग्णाशी व घरच्यांशी बोलून विचारांची व वागण्याची सवय बदलण्यास मदत करतो. व्यसनमुक्तीसाठी दोघांचीही गरज असते. मुक्तांगणमध्ये बरे झालेले रुग्णच कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णांना आधार देतात. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे 'सहचरी' हा गटही चालतो. याचे कारण पुढे पाहू.

घरावर काय परिणाम होतो?

व्यसनी माणसाभोवती सारे घर फिरू लागते. बायको त्याची उधारी भागवते. सोसायटीच्या माणसाला 'ते गावाला गेलेत' असे खोटे सांगते. थोरला मुलगा लहान वयात औत धरतो, तर धाकटा अबोल होतो. बाप घरी येण्याची वेळ झाली की मुले कोपऱ्यात बसून त्याच्या पावलांचा अंदाज घेतात. घरच्यांचा हेतू अब्रू झाकण्याचा असतो. परंतु पिण्याचे परिणाम दुसऱ्याने झेलल्यामुळे पिणाऱ्याला त्यांची झळ लागत नाही आणि आजार वाढतो. म्हणूनच पत्नीचा व मुलांचाही विचार उपचारात करावा लागतो.

उपचाराचे टप्पे

पहिला टप्पा शरीरातील विष उतरविण्याचा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होणे, भास होणे, अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. म्हणून अशा माणसास घरी कोंडून ठेवू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडवावी.

दुसरा टप्पा मनाच्या उपचाराचा. समुपदेशन व गटचर्चा यांतून आपण का पितो, केव्हा पितो हे रुग्ण ओळखू लागतो. उसाचे बिल जमा होणे, आडत्याकडून पट्टीचे पैसे हाती येणे, आठवड्याचा बाजार, जत्रा, लग्नाची वरात या धोक्याच्या वेळा आहेत. त्या दिवशी सोबत कोण असेल आणि पैसे कोणाकडे राहतील, हे आधीच ठरवावे.

तिसरा टप्पा पाठपुराव्याचा. हरळी एकदा खणून संपत नाही. राहिलेल्या कांडीतून ती पुन्हा फुटते. दारू सुटलेला माणूस घसरला तर सारे फुकट गेले असे समजू नये. त्यास लगेच उपचारांकडे परत न्यावे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांचा येथे चांगला उपयोग होतो.

घरच्यांनी घ्यावयाची काळजी

१. नशेत असताना वाद घालू नये. शुद्धीवर असताना शांतपणे, ठोस उदाहरणे देऊन बोलावे.
२. त्याची उधारी फेडू नये, त्याच्यासाठी खोटे बोलू नये.
३. दारू सोडविण्याचे औषध न सांगता जेवणात कालवू नये. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास रक्तदाब घसरून प्राणही जाऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे.
४. मारहाण सोसू नये. शेजारी, माहेर व पोलीस यांची मदत घ्यावी.
५. 'बाबा आजारी आहेत, यात तुझा दोष नाही' असे मुलांना स्पष्ट सांगावे.
६. कीटकनाशके कुलपात ठेवावीत. नशेत किंवा निराशेच्या भरात हाताशी असलेला डबा घात करतो. पिऊन फवारणीही करू नये.

मदत कोठे मिळेल?

जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात चौकशी करावी. केंद्र शासनाच्या १४४४६ या व्यसनमुक्ती क्रमांकावर किंवा मानसिक आरोग्यासाठी असलेल्या १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पिणारा तयार नसेल तर घरच्यांनी स्वतः फोन करावा. उपचाराची सुरुवात पत्नीपासून किंवा आईपासूनही होऊ शकते. रोग अंगावर काढला तर पीक हातचे जाते, हे आपण जाणतोच. घराच्या बाबतीतही तेवढीच तत्परता दाखवावी.