कोस, मैल आणि रोमन पाऊल

नाथषष्ठीस पैठणास निघालेल्या एका दिंडीबरोबर आम्ही एकदां शेवगांवाकडून कांहीं अंतर पायीं गेलों होतों. ऊन चढलें, पायांस फोड आले, तेव्हां वाटेवरच्या एका वृद्ध शेतकऱ्यास मुक्काम किती दूर म्हणून विचारलें. "कोसभर राहिलंय, मास्तर," तो म्हणाला. तो कोस सरावयास आम्हांस सव्वा तासाहून अधिक लागला, आणि वाटेंत आम्हांस आमचाच एक जुना विद्यार्थी आठवला.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही वर्गांत शिकवीत असूं कीं, कोस म्हणजे दोन मैल. त्या मुलानें उत्तरपत्रिकेंत लिहिलें, "आजोबांचा कोस दोन मैलांहून मोठा आहे." आम्हीं तांबड्या शाईनें शून्य दिलें. वास्तविक लीलावती आम्हांस पाठ होती! भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें सांगितलेलें मान असें : चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश, चार क्रोशांचें योजन. म्हणजे क्रोशास आठ हजार हात झाले. हात दीड फुटाचा धरिला तर बारा हजार फूट, अर्थात् सव्वादोन मैलांहून किंचित् अधिक. मुलाचे आजोबा बरोबर होते. आम्हीं हें गणित त्या वेळीं मांडून पाहिलें नाहीं, एवढेंच.

क्रोश शब्द 'क्रुश्' म्हणजे ओरडणें या धातूपासून आला. हांक जाईल तेवढें अंतर हा त्याचा मूळ अर्थ. रोमन लोकांनीं मात्र अंतर पावलांनीं मोजिलें. डावें पाऊल पुन्हा टेकेपर्यंत जें अंतर कापलें जाई तो एक 'पासुस', पांच रोमन फुटांचा. असे हजार झाले कीं एक मैल. मैल शब्दाचें मूळच लॅटिनमधील हजार या अर्थाचा 'मिले' हा शब्द. (लॅटिन 'पेस' आणि आपला 'पाद' हे सख्खे भाऊ, हें संस्कृतज्ञ वाचकांस सांगणें नको.) तो मैल सुमारें १४८० मीटरांचा होता. इंग्रजांनीं १५९३ मध्यें कायद्यानें आपला मैल ५२८० फुटांचा ठरविला, तो सुमारें १६०९ मीटर.

रोमन वास्तुकार विट्रुव्हियस यानें गाडीला लावावयाचें एक मोजयंत्र वर्णिलें आहे. सुमारें चार फूट व्यासाचें चाक चारशें वेळां फिरलें कीं पांच हजार फूट भरत, आणि एक खडा पेटींत टपकन् पडे. मुक्कामीं पोंचल्यावर खडे मोजावे कीं झालें. आम्हांस हें वाचून त्या गाडीवानाचा हेवा वाटला.

रोमचा आणि आपला संबंध काय, असें कोणी विचारील. ज्या नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथेंच १९५४ ते १९५६ या काळांत डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनीं उत्खनन केलें, तेव्हां भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोन कानांच्या मद्यकुंभांचीं खापरें मिळालीं. पहिल्या शतकांतल्या 'पेरिप्लस' ग्रंथांत भडोचेहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर सांगितलें आहे. समुद्रावरील अंतर स्टेडियमांत मोजणारा तो ग्रंथकार, आमच्या दख्खनच्या जमिनीवर येतांच दिवस मोजूं लागला. बैल किती चालतो, घाट किती उभा, यावरच तेथें सारें. त्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

१९५६ च्या कायद्यानें किलोमीटर आला, रस्त्यावरचे मैलांचे दगड गेले. तरी लोक नव्या दगडांसही मैलाचे दगडच म्हणतात. परवां आमच्या वाड्यांत नातवानें आपला हात मोजला, तो चौदा इंच भरला, आमचा साडेअठरा. "मग कोस कुणाच्या हातानं मोजायचा, आजोबा?" त्यानें विचारलें. आम्हीं त्यास त्या उत्तरपत्रिकेची हकीकत सांगितली. त्या मुलाचें गांव आम्हांस ठाऊक आहे. येत्या षष्ठीस वाट थोडी वांकडी करून तेथें जावें, आणि तो भेटला तर त्याचा तो गुण त्यास द्यावा, असें योजिलें आहे.