शरीराची रोजची मजुरी



नागपूरहून येणारा मोठा रस्ता बुटीबोरीला फुटतो. एक फाटा वर्ध्याकडे जातो, दुसरा हिंगणघाटकडे. या गावाभोवतीची माणसं एके काळी पहाटे पायीच वावरात जात. आता तिथं मोठी औद्योगिक वसाहत आहे. काम आलं, पगार आला, दारात फटफटी आली. पाय मात्र बसले, आणि अनेकांचं पोट सुटलं.

डॉक्टर म्हणतात, ‘चाला.’ माणूस आठ दिवस चालतो, वजनकाट्यावर उभा राहतो. काटा हलत नाही. नवव्या दिवशी तो पांघरूण ओढून झोपतो.

त्याचं चुकतं कुठं? जरा हिशेब करू. तासभर झपाझप चाललं तर साधारण अडीचशे कॅलरी खर्च होतात. एका मोठ्या समोशात जवळजवळ तेवढ्याच असतात! एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. म्हणजे महिनाभर रोज चालावं, खाणं वाढू देऊ नये, तेव्हा कुठं किलोभर वजन उतरायचं.

मग एवढा धीर कुठून आणायचा? इथंच निसर्गानं सोय केली आहे. वजन महिन्यानं उतरतं, पण शरीर आपली मजुरी रोजच्या रोज चुकती करतं. ती मजुरी म्हणजे मनाचा हलकेपणा.

हा हलकेपणा येतो कसा? १९७५ साली स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत अफूसारखं काम करणारी द्रव्यं सापडली. एंडॉर्फिन हे याच कुळातलं. ते वेदना कमी करतं. पुढं १९९२ साली जेरुसलेममध्ये आणखी एक द्रव्य सापडलं. त्याचं नाव आपल्या ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून ठेवलं, आनंदामाइड! व्यायामानं रक्तात दोन्ही वाढतात. परंतु रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही, आनंदामाइड शिरतं. म्हणून व्यायामानंतरच्या प्रसन्नतेत त्याचा वाटा मोठा असावा, असं आता मानतात.

एक गैरसमज मात्र नको. ही द्रव्यं चरबी वितळवत नाहीत. ती तुम्हाला उद्या पुन्हा घराबाहेर काढतात. वजन उतरतं ते त्या रोजच्या चालण्यानं आणि बेताच्या जेवणानं. शिवाय मन प्रसन्न असलं, की उगाच फराळाच्या डब्याकडे हात जात नाही.

आठवड्यात पाच दिवस, रोज अर्धा तास चाला. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. पहिले काही दिवस पाय दुखतील, आनंद जाणवणार नाही; तेवढे सोसा. वैदर्भी उन्हाळ्यात दिवस उगवण्याआधीच निघा. छातीत दुखलं तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर सुरुवातीलाच त्यांना विचारा. दिवसभर निंदणी-खुरपणी करणाऱ्या मायबहिणींना मात्र हा उपदेश नको; त्यांना विसावा हवा.

गुरुजी, बाई, शेवटचा शब्द तुमच्यासाठी. मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा मुलांना देऊ नका. धावणं म्हणजे शिक्षा, असं एकदा मनात बसलं, की शरीर देत असलेली मजुरी पोर आयुष्यभर घेत नाही. त्यापेक्षा लंगडी घ्या, कबड्डी घ्या, आणि तुम्हीही खेळा!