टिंटॅजेलचा दुभंगलेला पूल

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर टिंटॅजेल हा तेराव्या शतकातील किल्ला आहे. त्याचा एक भाग मुख्य भूमीवर, तर दुसरा समुद्रात घुसलेल्या उंच कड्यावर असून, मध्ये खोल घळ आहे. दोहोंना जोडणारी खडकाची चिंचोळी धार कालौघात ढासळून गेली. त्यामुळे दीर्घकाळ प्रवाशांना घळीत उतरून, कड्यात खोदलेल्या उभ्या पायऱ्या चढाव्या लागत. हंगामात त्या अरुंद वाटेवर चढणारे व उतरणारे यांची कोंडी होई. वृद्धांना तर पलीकडचा किल्ला दुर्लभच होता.

किल्ल्याची देखभाल पाहणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने २०१५ साली पुलाच्या आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर केली. निवडलेल्या आराखड्याची कल्पना साधी, परंतु धाडसी आहे. घळीत खांब उभारणे म्हणजे पुरातत्त्वीय अवशेषांस धोका पोचविणे. म्हणून दोन्ही कड्यांतून पोलादाचे दोन बाहू पुढे काढले. प्रत्येक सुमारे ३३ मीटर लांब. कड्यापाशी बाहूची उंची साडेचार मीटर, तर टोकाशी जाडी जेमतेम १७ सेंटिमीटर आहे. बाहूच्या वजनामुळे वरची बाजू खडकापासून सुटू पाहते व खालची खडकावर रेटली जाते. सबब वरची बाजू खडकात खोलवर नांगरून धरली आहे.

हे बाहू एकमेकांना टेकत नाहीत! मध्ये सुमारे ४ सेंटिमीटरची फट आहे. उन्हाने पोलाद प्रसरण पावले तरी ताण पडत नाही, हा तिचा व्यावहारिक उपयोग. इतिहासाने तोडलेली वाट तुटलेलीच दिसावी, हा रचनाकारांचा हेतू. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्याची नक्कल करण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक वाटते.

प्रत्यक्ष बांधकाम मात्र कठीण होते. कड्यापर्यंत अवजड वाहनांना रस्ता नाही. पोलादाचे तुकडे कारखान्यात तयार करून, घळीवर ताणलेल्या तारेच्या पाळण्याने एकेक जागी नेऊन जोडण्यात आले. पृष्ठभागासाठी स्थानिक पाटीच्या दगडाच्या चिपा उभ्या धारेवर, चुन्या-सिमेंटशिवाय बसविल्या आहेत. पावसाचे पाणी फटींतून निचरून जाते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पूल खुला झाला. खर्च सुमारे ४० लाख पौंड आला व त्याचा मोठा भाग खाजगी देणगीतून मिळाला. सोसाट्याचा वारा सुटला की पूल बंद ठेवण्यात येतो.